एकट्याने टाईल मांडायचे खेळ : बेळगाव, खानापूर, निपाणीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की हे प्रश्न वाढतात. कुणी टिळकवाडीतून विचारतं, कुणी चिकोडीतून, कुणी उद्यमबागेतली शिफ्ट संपवून घरी जाताना. उत्तरं फोनवर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवलेली बरी.

टाईल मांडायचे खेळ म्हणजे नक्की कसले?

जाड पुठ्ठ्याचे चौकोनी किंवा षटकोनी तुकडे असतात. त्यांवर शेत, नदी, जंगल, रस्ता, तटबंदी असं काहीतरी छापलेलं असतं. एकेक तुकडा उचलायचा, आधीच्या तुकड्याला लावायचा आणि होता होता टेबलावर एक मुलूख उभा राहतो. यात कुणाची सोंगटी मारायची नसते, कुणाचं घर जाळायचं नसतं. शेवटी गुण मोजायचे. एवढंच.

"एकट्यानंच खेळायचं, मग हरणार कोण ओ?"

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. हरणार तुम्हीच आणि जिंकणारही तुम्हीच. पत्त्यांतला पेशन्स आपल्याकडे कितीतरी घरांत खेळला जातो. एक एक गोटी काढत शेवटी मधोमध एकच उरवायचा ब्रेनविटा बहुतेकांनी शाळेच्या सुट्टीत खेळलेला असतो. तिथे समोर कोण आहे, असं कुणी विचारलं नाही.

माझं ठाम मत असं की एकट्याने खेळणं ही जोडीदार मिळाला नाही म्हणून केलेली तडजोड नव्हे. चार जण बसले की खेळ निम्मा आणि गप्पा निम्म्या होतात, त्याची मजा आहेच. पण टाईल हातात धरून ती सहा बाजूंनी फिरवून बघायला, इथे लावली तर तिकडची नदी अडेल का हे ताडायला, उसंत लागते. "चल की लवकर" म्हणणारं कुणी समोर नसलं की हा खेळ पूर्ण उलगडतो. म्हणून मी एकट्याच्या डावाला दुय्यम मानत नाही.

सुरुवात कुठल्या खेळापासून करू?

कॅस्केडियापासून. रँडी फ्लिन यांनी रचलेला हा खेळ फ्लॅटआउट गेम्सने २०२१ मध्ये आणला आणि २०२२ मध्ये त्याला जर्मनीचा 'श्पील देस यारेस' म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला. पुरस्कारापेक्षा मला महत्त्वाचं हे वाटतं की एक ते चार जणांसाठी असं खोक्यावरच छापलंय. एकट्याचे नियम मूळ पुस्तिकेतच आहेत, मागाहून चिकटवलेले नाहीत.

कॅस्केडिया एकट्याने नेमकं कसं खेळायचं? पुस्तिका वाचून गोंधळ होतो.

सावकाश सांगतो.

सुरुवातीला तीन षटकोन जोडलेली एक टाईल समोर ठेवायची. बाजूला ४३ टाईलींचा पालथा ढीग करायचा. बाकीच्या टाईली खोक्यातच राहू द्यात. त्या ढिगातल्या चार टाईली उलगडून ओळीत मांडायच्या आणि प्रत्येकीखाली पिशवीतून प्राण्याचं एक लाकडी टोकन काढून ठेवायचं. प्राणी पाच : अस्वल, एल्क हरीण, सामन मासा, ससाणा, कोल्हा. प्रत्येकाची वीस टोकनं, म्हणजे पिशवीत एकूण १००.

आपल्या पाळीला एक जोडी उचलायची. टाईल आपल्या मुलखाला कुठेही लावायची. जंगलाला जंगलच भिडलं पाहिजे असं बंधन नाही, पण भिडवलंत तर पट्टा वाढतो. मग टोकन ज्या टाईलीवर तो प्राणी छापलाय तिथे ठेवायचं, नुकत्याच लावलेल्या टाईलीवरच असं नाही. अशा वीस पाळ्या झाल्या की डाव संपला.

एकट्याच्या डावातली खरी गंमत पुढे आहे. दर पाळीनंतर, उरलेल्या तीन जोड्यांतली ढिगापासून सगळ्यात लांबची जोडी बाद होते. बाकीच्या दोन त्या बाजूला सरकवायच्या आणि ढिगाकडच्या दोन मोकळ्या जागा नव्याने भरायच्या. म्हणजे ओळ सतत वाहती राहते. त्यामुळे जोडी उचलण्याआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात : मला काय हवंय, आणि मी हे उचललं तर जाणार काय. सगळ्यात लांबची जोडी तुम्हीच घेतलीत तर तिच्या अलीकडची बाद होते. म्हणून पुढच्या पाळीसाठी एखादी जोडी राखायची असेल तर तिच्या पलीकडे निदान एक जोडी शिल्लक राहील अशा बेताने उचला. हे डोक्यात बसलं की डाव बदलतो.

चारही टोकनं एकाच प्राण्याची आली तर ती बदलायचीच. तीन सारखी असतील तर बदलायची की नाही हे तुमच्यावर, पण पाळीत एकदाच.

देवदाराच्या फळासारखी छोटी टोकनंही असतात. फक्त एकच भूप्रदेश असलेल्या टाईलीवर तिचा प्राणी बसवला की असं एक मिळतं. ते खर्चून कुठलीही टाईल आणि कुठलंही टोकन, जोडी मोडून, घेता येतं. न वापरता राहिलं तर शेवटी एक गुण. नवखे लोक ही साठवून ठेवतात. मी म्हणतो खर्चा. मोक्याच्या वेळी मोडलेली एक जोडी एका गुणापेक्षा कितीतरी जास्त देते.

गुण किती झाले म्हणजे चांगला डाव?

प्रत्येक प्राण्याची वेगवेगळी कार्डं असतात, त्यांतलं एक डावासाठी निवडायचं. त्यावर त्या प्राण्याचा हिशेब असतो. अस्वलांचं 'ए' कार्ड घ्या : अस्वलं जोडीने हवीत आणि त्या जोडीला तिसरं अस्वल चिकटलेलं नको. एक जोडी ४ गुण, दोन जोड्या ११, तीन १९, चार २७. म्हणजे पहिली जोडी चारच देते, पण पुढची प्रत्येक जोडी सात-आठ. यावरूनच कळतं की थोडं थोडं सगळं करण्यापेक्षा एखाद-दुसरा प्राणी नेटाने धरावा.

त्याशिवाय पाचही भूप्रदेशांचा सगळ्यात मोठा सलग पट्टा मोजायचा, टाईलीला एक गुण. एकट्याच्या डावात सात किंवा जास्त टाईलींचा पट्टा झाला तर वर दोन गुण.

ऐंशीच्या आत राहिलात तर निराश होऊ नका, सुरुवातीला तसंच होतं. नव्वदीत पोचलात तर हात बसला. शंभर ओलांडले तर तो डाव वहीत तारखेनिशी लिहून ठेवावा असा. पुस्तिकेच्या शेवटी ठरावीक अटी आणि लक्ष्यांचे डावही दिलेत, ते क्रमाने खेळत गेलात तर महिनोन्महिने पुरतात.

चुकीची लावलेली टाईल उचलून परत लावली तर चालतं का? बघायला कोण आहे?

हात टाईलीवर असेपर्यंत चालतं. पुढची टाईल उलगडली की नाही.

या एका नियमाबाबत मी फार आग्रही आहे. ढिगातून पुढे काय येतंय हे कळल्यावर मागची खेळी बदलली, तर उरतं ते फक्त रंग जुळवणं. न बघता घेतलेला निर्णय आणि मग त्याला धरून मुलूख सावरणं, यातच या खेळांचा जीव आहे. नदी चुकीच्या जागी संपली असेल तर संपू द्या. पुढच्या पाच टाईलींत तुम्ही तिच्या भोवती काहीतरी जमवताच, आणि ते जमवलेलं बऱ्याचदा मूळ बेतापेक्षा देखणं होतं.

सेकंड शिफ्ट करून घरी यायला रात्रीचे बारा होतात. तेव्हा खेळावं का?

खेळा की. अर्ध्या तासात डाव होतो आणि डोळ्यांना मोबाईलच्या उजेडापेक्षा बरं. फक्त एकच डाव आणि मग झोप. दुसऱ्या डावात थकलेलं डोकं बारकावे पाहत नाही, हात नुसता टाईली टाकत सुटतो.

उजेड मात्र पांढरा आणि वरून येणारा हवा. पिवळ्या बल्बखाली किंवा लाईट गेल्यावर लावलेल्या चार्जिंगच्या दिव्यात कॅस्केडियाचं तपकिरी अस्वल आणि फिकट तपकिरी एल्क ओळखणं कठीण जातं. टोकन थोडं तिरकं धरून त्यावरचं चित्र पाहा, रंगावर विसंबू नका.

इंग्रजी येत नसलं तर? घरात मराठी, शेजारी कानडी.

हीच तर या खेळांची मोठी सोय आहे. टाईलींवर अक्षर नाही, सगळी चित्रं. कार्डांवरही चित्रं आणि आकडेच बोलतात. पुस्तिका तेवढी इंग्रजीत असते. एकाने ती वाचून पहिला डाव सगळ्यांसमोर मांडून दाखवला की झालं. आमच्या गल्लीत मराठी शाळेतली, कानडी शाळेतली आणि इंग्रजी माध्यमातली पोरं एकाच टेबलाभोवती हे खेळ बघत शिकली. समजावून सांगताना कोण कुठल्या भाषेत बोललं हे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

पावसाळ्यात टाईली वाकतात, बुरशी धरतात. काय करावं?

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या लोकांचा हा खरा प्रश्न. मलप्रभा जिथे उगम पावते त्या बाजूला जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, पुठ्ठा काय कोरडा राहणार! कौलारू घरात हवा खेळती असते हे चांगलं, पण दमटपणाही तोच आत येतो.

खोकं कधी जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नका. लाकडी कपाटात मधल्या फळीवर ठेवा. आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. नव्या चपलांच्या, बॅगांच्या, औषधांच्या डब्यांत त्या येतात, फेकू नका. ओलावा धरून त्या निकामी होतात, म्हणून मधूनमधून बदलत राहा. टाईली घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणं उत्तम, पण कोरड्या दिवशीच डबा बंद करा. पावसाच्या दिवशी बंद केलात तर आतला दमटपणा आतच कोंडून बसतो.

वाकलेली टाईल उन्हात ठेवायची नाही. वरचा कागद आणि आतला पुठ्ठा वेगवेगळ्या वेगाने सुकतो आणि ती जास्तच वाकते. सगळ्या टाईली दोन कोऱ्या कागदांच्या मधे सपाट ठेवून वर जाडजूड पुस्तकांचं वजन द्या. आठवडाभर हात लावू नका. बुरशीचा पांढुरका थर दिसला तर कोरड्या सुती फडक्याने, घराबाहेर, हलक्या हाताने पुसा. ओलं फडकं नको.

आणि खेळताना कुंदा नको. तुपाचं बोट एकदा टाईलीला लागलं की तो डाग जात नाही, आणि पुढे ती टाईल पालथी असतानाही ओळखू येते. डाव संपवून, हात धुऊन, मग आनंदाने खा.

टेबल किती मोठं लागतं?

कॅस्केडियाला लहान चहाचं टेबल पुरतं, कारण सगळे मिळून तेवीसच षटकोन होतात. घरात कॅरम असेल तर तो उत्तम. चारही बाजूंनी पट्टी असते, टाईल खाली पडत नाही, मांडीवर मांडी घालून बसता येतं. पावडर आधी स्वच्छ पुसून काढा आणि वर जाडसर सुती चादर अंथरा, नाहीतर टाईली सरकत राहतात. पंखा तीनवर असला तरी पुठ्ठ्याच्या टाईली उडत नाहीत, गुणांचा कागद मात्र उडतो.

डोर्फरोमांटिक म्हणून एक ऐकलंय. ते वेगळं काय?

आधी तो बर्लिनच्या टुकाना इंटरॅक्टिव्हचा संगणकावरचा खेळ होता. मिखाएल पाल्म आणि लुकास झाख यांनी त्याचा टेबलावरचा खेळ केला, पेगासुस श्पीलेने २०२२ मध्ये तो काढला आणि २०२३ चा 'श्पील देस यारेस' त्याला मिळाला. एक ते सहा जण, सगळे एकाच बाजूने. त्यामुळे एकट्याचा आणि सहा जणांचा खेळ जवळजवळ तोच राहतो.

यात जंगल, शेत, गाव, रेल्वे आणि ओढा यांची 'कामं' येतात. टाईलीवर आकडा ठेवला जातो आणि त्या भूप्रदेशाचा तेवढा पट्टा जमवायचा असतो. निदान तीन कामं सतत हातात राहतात, एक संपलं की दुसरं हजर. रेल्वे आणि ओढा मात्र मधेच शेताला नेऊन आदळता येत नाही, रुळाला रूळच लागतो.

खेळत गेलं की गुणांवर नव्या गोष्टी उघडतात, खोक्यातच बंद छोटी खोकी आहेत. त्यांत काय आहे हे मी सांगणार नाही आणि तुम्हीही आधी उघडून बघू नका. रात्री जेवणानंतर आठवड्यातून दोन-तीनदा खेळणाऱ्याला हा कॅस्केडियापेक्षाही जास्त धरून ठेवतो. जागा मात्र जास्त लागते. मुलूख कुठल्या दिशेला पसरेल सांगता येत नाही, म्हणून हा जमिनीवर सतरंजी टाकूनच खेळा.

कार्कासोन घरात आहे. ते एकट्याने खेळता येतं का?

क्लाउस-युर्गन व्रेडे यांचा हा २०००चा खेळ या सगळ्यांचा थोरला. दक्षिण फ्रान्समधल्या त्याच नावाच्या तटबंदीच्या शहरावरून तो बेतलाय. मूळ खेळ दोन ते पाच जणांचा, ७२ टाईलींचा. एकट्यासाठी मी तो असा खेळतो : एकच रंग, पण सोंगट्या चारच. शेतात सोंगटी आडवी ठेवून शेतकरी झोपवायचे नाहीत. पूर्ण झालेलं शहर, रस्ता, मठ यांचेच गुण धरायचे आणि शेवटी जे अर्धवट राहिलं त्याचे गुण वजा करायचे. वजाबाकी असल्याने नवं शहर सुरू करताना हात आपोआप आखडतो, आणि सोंगट्या चारच असल्याने कुठलं काम आधी पुरं करायचं हे ठरवावंच लागतं. हा छापील नियम नाही, पण डाव रंगतो.

आई दुपारी एकटीच असते. मुलं पुण्याला, बंगळूरला. तिला झेपेल का?

झेपेल, आणि तिच्यासाठी मी कॅलिको सुचवेन. केविन रस यांचा २०२०चा खेळ, विषय गोधडीचा आणि तिच्यावर येऊन बसणाऱ्या मांजरांचा. सहा रंग, सहा नक्ष्या, प्रत्येक मेळाच्या तीन अशा १०८ टाईली. एका रंगाच्या तीन लागून आल्या की बटण शिवायचं, ठरावीक नक्षी जमली की मांजर येऊन बसतं.

आमच्या शेजारच्या मावशींनी आयुष्यभर जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवल्या. टेबलाजवळ बसून त्यांनी थोडा वेळ नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, "ते निळं तिथं घालू नको, कड लावायला ठेव." गुणांची भाषा त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. पण कोपऱ्यातला तुकडा राखून ठेवायचा, दोन गडद रंग भिडवायचे नाहीत, उरलेल्या चिंधीला मधे जागा करून द्यायची, हे सगळं हातात होतंच. आता दुपारी त्या एकट्या मांडतात.

सांगायची गोष्ट एकच : कॅलिको दिसायला मऊ, पण हिशेबाला कॅस्केडियापेक्षा कडक आहे. पहिले काही डाव उद्दिष्टांच्या टाईली (भोवती कुठला मेळ जमवायचा ते सांगणाऱ्या) बाजूला ठेवून, फक्त बटणं आणि मांजरं धरून खेळू द्यात. चष्मा जवळ असू द्या, नक्ष्या बारीक आहेत.

एकट्यासाठी काय घेऊ नये?

अझुल आणि किंगडोमिनो, दोन्ही सुरेख खेळ, पण दुसऱ्याने काय उचललं यावर त्यांची सगळी गंमत. पॅचवर्क तर दोघांसाठीच. घरात खेळणारं माणूस असेल तर जरूर घ्या.

सामन, एल्क हे प्राणी मुलांना परके वाटतात.

कॅस्केडिया हा उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याकडचा प्रदेश आहे, तिथले प्राणी तिथलेच राहू द्या. त्यांच्या वागण्यावरूनच गुणांची कार्डं बेतलेली आहेत : सामन रांगेने प्रवाहातून जातात, 'ए' कार्डावरचा ससाणा दुसऱ्या ससाण्याशेजारी बसत नाही. मुलांना हे सांगितलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. मग विचारा, आपल्या भीमगडच्या जंगलात गवा कसा राहतो, धनेश कुठे बसतो, त्यांचं कार्ड करायचं तर गुण कसे द्यायचे? मुलं कागद-पेन्सिल घेऊन बसतात. आमच्याकडे गव्यांना कळपाचे गुण आणि धनेशाला उंच झाडाशेजारचे गुण असं ठरलं, आणि ते खेळायला चांगलं निघालं.

मोबाईलवर खेळलं तर?

कार्कासोन मोबाईलवर आहे, डोर्फरोमांटिक संगणकावर आहे. नियम शिकायला चांगले. पण गुण आपोआप मोजले जातात, चूक आपोआप अडवली जाते. हाताने मोजलं की कुठे काय कमावलं हे समजतं. मी टेबलच निवडतो.

खेळ मागवायचा कुठून?

हे आयात माल असल्याने काही हजारांच्या घरात जातात. ऑनलाईन मागवताना बोर्ड गेमच विकणाऱ्या भारतीय दुकानांकडून घ्या, फार स्वस्त दिसला तर नक्कल असण्याची शक्यता धरा. नकली टाईलींची छपाई थोडी सरकलेली असते आणि पाठीचा रंग एकसारखा नसतो, त्यामुळे पालथा ढीग निरर्थक होतो. खेड्यात कुरिअर पोचत नसेल तर बेळगावातल्या ओळखीच्या दुकानाचा पत्ता द्या. पुण्याहून सुट्टीला येणाऱ्या कुणाला तरी आणायला सांगणं हाही चांगला मार्ग, खोकं चेपत नाही. आणि दोन-तीन घरांनी मिळून वेगवेगळे घेऊन महिन्याला अदलाबदल केलीत तर एकाच खर्चात तीन खेळ होतात.

एखादी टाईल किंवा टोकन हरवलं तर खेळ वाया गेला का?

नाही. कॅस्केडियात ८५ टाईली आहेत आणि एकट्याच्या डावाला ४३ लागतात, एखादी नसली तरी फरक पडत नाही. टोकन हरवलं, समजा एक कोल्हा गेला, तर बाकी चार प्राण्यांचंही एकेक काढून ठेवा. पिशवीत ९५ राहतात आणि प्रमाण तेच राहतं. कॅलिकोत एक टाईल गेली तर जाड कार्डशीटवर तीच नक्षी काढून तेवढाच षटकोन कापा, फक्त पाठ बाकीच्यांसारखी दिसेल एवढं पाहा, किंवा सगळ्याच टाईली पिशवीत घालून न बघता काढत चला. कार्कासोनमध्ये टाईल गेली तर पुस्तिकेतल्या यादीवरून नेमकी कुठली गेली ते आधी शोधा, कारण काही टाईली तिथे एकेकच आहेत, आणि शहराचा नेमका तोच तुकडा येईल म्हणून तुम्ही डावभर वाट पाहत बसाल.